न्वार: दोन मारेकरी मुली आणि सात डीव्हीडींचा संच

चंद्रकोर

मंडळी, इथे अ‍ॅनिमेवर (जपानी ॲनिमेशनवर) गप्पा होतात त्या बहुतेक गेल्या पाच-सात वर्षांतल्या मालिकांवर. 'डीमन स्लेअर', 'जुजुत्सु कायसेन', 'स्पाय फॅमिली'. मीही त्या आवडीने बघते. पण 'स्पाय फॅमिली'तली मारेकरी योर किंवा 'लायकोरिस रिकॉइल'मधली बंदूकवाली चिसातो ज्यांना आवडते, त्यांतल्या कितीजणांनी 'न्वार' पाहिली आहे? फार कमी असणार, म्हणून हा धागा काढतेय.

'न्वार' २००१ सालची. एप्रिल ते सप्टेंबर या काळात टीव्ही टोकियोवर रात्री उशिरा लागायची. एकूण २६ भाग. स्टुडिओ बी ट्रेन, दिग्दर्शक कोइची माशिमो, लेखन र्योए त्सुकिमुरा, संगीत युकी काजिउरा. याच दिग्दर्शकाने पुढे २००४ मध्ये 'मॅडलॅक्स' आणि २००७ मध्ये 'एल कझादोर दे ला ब्रुहा' केली. तिन्हींची कथा वेगळी, पण तिन्हींच्या केंद्रस्थानी बंदूक हातात घेतलेल्या दोन बायका. चाहते तिन्ही मिळून एक त्रयी मानतात.

कथा अशी. मिरेय बुके पॅरिसमध्ये राहते आणि पैसे घेऊन खून करते. तिला जपानमधून एक ईमेल येतो. पाठवणारी किरिका, शाळकरी मुलगी. सोबत एक सूर आहे. तो सूर मिरेयने लहानपणी कॉर्सिकात, आईवडिलांचा खून झाला त्या दिवशी, एका खिशातल्या घड्याळातून ऐकलेला असतो. ती जपानला जाते. किरिकाला स्वतःबद्दल काहीही आठवत नसतं. जाग आली तेव्हा जवळ होतं एक ओळखपत्र, एक पिस्तूल, ते घड्याळ आणि डोक्यात एकच शब्द, न्वार. आणि माणसं मारणं तिला सहज जमतं. दोघी एकत्र काम करायचं ठरवतात, पण मिरेयची अट असते: सगळं सत्य कळलं की मी तुला मारणार. किरिका ती अट मान्य करते. पुढचे सगळे भाग ही अट दोघींच्या मध्ये बसलेली असते. चहा पिताना, बिलियर्डच्या टेबलाजवळ, विमानतळावर.

मला मुद्दा मांडायचा आहे तो 'न्वार'च्या संथपणाबद्दल. या मालिकेवर दोन आक्षेप कायम घेतले जातात. एक, फार हळू चालते. दोन, एवढ्या गोळ्या सुटतात पण रक्ताचा थेंब दिसत नाही. माझं ठाम मत असं, की या दोन गोष्टींमुळेच ती टिकली आहे. रक्त दाखवलं की नजर जखमेकडे जाते. इथे जखम दिसतच नाही, त्यामुळे आपण बघत राहतो मारणाऱ्या मुलीच्या चेहऱ्याकडे.

पहिल्या भागातली चकमक घ्या. काळ्या सुटातली माणसं किरिकाच्या मागावर आहेत. किरिका हालचाल करते ती इतकी काटकसरीची, की एकही पाऊल वाया जात नाही. मागे कोरसचा आवाज चढत जातो. सगळं संपल्यावर ती उभी राहते आणि विचारते, की मी माणसं मारू शकते, मग मला वाईट का वाटत नाही? तो चेहरा डीव्हीडीवर थांबवून बघा. भुवया सरळ, ओठ किंचित उघडे, डोळ्यांत प्रकाशाचा ठिपका नाही. पुढे जसजशी ती मिरेयच्या घरात रुळते, तसतसा तो ठिपका मधूनमधून दिसायला लागतो. पहिल्यांदा बघताना हे माझ्या लक्षात येणं शक्य नव्हतं. डिस्क हाताशी होती, मागेपुढे करता आलं, म्हणून दिसलं.

डिस्कबद्दलही थोडं लिहायला हवं, कारण माझ्यासाठी ही मालिका आणि तिचा संच वेगळे काढता येत नाहीत. अमेरिकेत 'न्वार' आणली एडीव्ही फिल्म्सने. ही ह्यूस्टनची कंपनी, १९९२ साली सुरू झालेली. २००३ पासून त्यांनी सात स्वतंत्र डीव्हीडींमध्ये ही मालिका काढली, पहिल्या डिस्कचं नाव 'शेड्स ऑफ डार्कनेस'. म्हणजे प्रेक्षक मोजके भाग बघायचा आणि पुढच्या डिस्कची वाट बघत बसायचा. या मालिकेला ते मानवतं. सलग २६ भाग एका शनिवार-रविवारी उरकले, तर त्याच त्या आठवणींची दृश्यं अंगावर येतात. मध्ये वेळ गेला असेल, तर तीच दृश्यं हवीशी वाटतात.

माझ्याकडे तो सात डिस्कचा संच आहे. मावसभावाने डलासहून सामानात आणला. संध्याकाळी जेवणं आटोपल्यावर दोन भाग, त्याहून जास्त नाही. आधी जपानी आवाजात, मग आवडलेला भाग इंग्रजीत.

जपानी आवाजांबद्दल एक सांगायलाच हवं. मिरेयला आवाज आहे कोतोनो मित्सुइशी यांचा, म्हणजे 'सेलर मून'मधली उसागी आणि 'इव्हँजेलियन'मधली मिसातो. तिसरी मारेकरी मुलगी क्लोई हिचा आवाज आया हिसाकावा यांचा, त्या 'सेलर मून'मध्ये सेलर मर्क्युरी होत्या. आणि या सगळ्यामागची अल्टेना? तिचा आवाज ताराको यांचा. जपानमध्ये घराघरांत त्यांना चिबी मारुको या छोट्या मुलीचा आवाज म्हणून ओळखत. मार्च २०२४ मध्ये त्या गेल्या. इतक्या मायाळू आवाजाच्या बाईला इतक्या थंड डोक्याच्या पात्रासाठी निवडणं, हा निर्णय मला अजूनही थक्क करतो. अल्टेना कधीच आवाज चढवत नाही. ती प्रेमाने बोलते, आणि ती काय करत आली आहे हे कळल्यावर त्या प्रेमाचीच भीती वाटते.

ज्यांनी पाहिली आहे त्यांनी लिहा. शेवटाबद्दल लिहिताना आधी 'स्पॉयलर' लिहावं ही विनंती.

तानपुरा

वा, कुणीतरी 'न्वार'वर लिहिलं! मी संगीताबद्दल लिहितो, कारण माझी या मालिकेशी ओळख गाण्यांतून झाली. मालिका नंतर पाहिली.

युकी काजिउरा हे नाव आज 'मादोका मॅजिका', 'फेट झीरो' आणि 'डीमन स्लेअर'मुळे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांची शैली ज्या कामातून लोकांच्या कानात बसली ते म्हणजे 'न्वार'. चकमकीला लागणारं 'साल्वा नोस' लॅटिनमध्ये आहे, देवाची करुणा भाकणारं. खाली नाचाच्या क्लबमध्ये शोभेल असा ठेका. विचार करा, पडद्यावर मुलगी माणसं मारतेय आणि मागे 'आम्हांला वाचव' अशी प्रार्थना चाललीय. ही प्रार्थना कोणाची? मरणाऱ्यांची की मारणाऱ्यांची? मला वाटतं दोघांचीही.

दुसरं 'कांता पेर मे', इटालियनमध्ये. हे संथ आहे, निरोपाचं गाणं. ते कुठे वाजतं याकडे लक्ष द्या. बहुतेक वेळा मिरेय किंवा किरिका कुणाला तरी मारण्याआधी किंवा मारल्यानंतर थबकतात, तिथे.

सुरुवातीचं गीत अली प्रोजेक्ट या संगीतगटाचं 'कोपेलिया नो हित्सुगी', शेवटचं अकिनो अराई यांचं 'किरेई ना कांजो'. बरेच लोक ही गीतं ओलांडून पुढे जातात. 'न्वार'मध्ये तसं करू नये. अराई यांच्या गाण्यातून प्रत्येक भागानंतर जरा श्वास घ्यायला मिळतो.

काजिउरा आणि माशिमो यांची जोडी पुढेही चालू राहिली. 'डॉट हॅक साइन' २००२ मध्ये, मग 'मॅडलॅक्स', मग 'त्सुबासा'. माशिमो यांच्या मालिकांत संगीत पार्श्वभूमीला राहत नाही, ते संवादांइतकंच पुढे येतं. काहींना त्याचा त्रास होतो, संवाद ऐकू येत नाहीत अशी तक्रार असते. मला तीच मजा वाटते.

बोरघाट

धागा चांगला आहे, पण मी विरोधी बाजूने लिहिणार.

चंद्रकोर, तुम्ही म्हणता संथपणा हीच ताकद. मान्य, काही भागांत. पण त्या कॉर्सिकाच्या घरातलं दृश्य, ते घड्याळ, तो सूर किती वेळा दाखवायचा? मधल्या दहा-बारा भागांतले बरेचसे एका साच्यातले आहेत: कामाची सुपारी, शहर, काळ्या सुटातली माणसं, कोरस, संपलं. सोल्दा नावाची गुप्त संघटना जगभर सगळीकडे आहे म्हणतात, पण त्यांची माणसं गोळी चालवायला का शिकलेली नाहीत? मिरेयच्या वॉल्थरमधून आणि किरिकाच्या छोट्या बेरेटामधून सुटलेली प्रत्येक गोळी लागते, समोरच्यांची एकही नाही.

रक्ताबद्दलही. टीव्ही टोकियोचे नियम कडक आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. १९९७ च्या पोकेमॉन प्रकरणानंतर (एका भागातल्या लखलखत्या दृश्यांमुळे मुलं आजारी पडली होती) तर ते आणखी सावध झाले. तेव्हा रक्त न दाखवणं ही सगळी दिग्दर्शकाची दृष्टी होती असं मी मानणार नाही.

चंद्रकोर

बोरघाट, नियमांचं म्हणणं योग्य आहे. पण नियम सगळ्यांनाच होते. त्या चौकटीत बाकीच्यांनी काय केलं? कॅमेरा झटकन दुसरीकडे वळवला, पडद्यावर पांढरा उजेड मारला. माशिमो यांनी कॅमेरा हलवला नाही. माणूस पडतो, आपण ते पूर्ण बघतो, आणि मग मुलीकडे बघतो. नियमाने दार बंद केलं असेल, पण खिडकी कुठे उघडायची हे त्यांनीच ठरवलं.

मधल्या भागांबद्दल: तुम्हाला सिसिलीचे दोन भागही साच्यातले वाटतात का? सिल्वाना ग्रेओने, माफिया घराण्याची वारस. मिरेयला लहानपणापासून तिची दहशत. एवढी सराईत मारेकरी, आणि सिल्वानासमोर तिचे हात थरथरतात. आपल्याला पहिल्यांदाच कळतं, की मिरेयच्या त्या थंडपणाखाली एक लहान मुलगी दबून बसली आहे. कॉर्सिकाचं दृश्य पुन्हा पुन्हा येतं ते तिच्यासाठी. ती त्या खोलीतून बाहेर पडलेलीच नाही.

शेवंती

मी इथे फार लिहीत नाही, पण या विषयावर लिहायचंच आहे.

मला 'न्वार' आवडते, कारण या मुली कुणा पुरुषासाठी, कुणा पुरुषाच्या हुकमाने किंवा कुणा पुरुषाचा सूड घेण्यासाठी हत्यार उचलत नाहीत. मारेकरी बाईवरचे सिनेमे आठवून बघा. बहुतेकांत तिला घडवणारा, सोडून देणारा किंवा वाचवणारा पुरुष असतोच. इथे घडवणारीही बाई, तोडणारीही बाई, आणि सावरणारीही बाई. अल्टेना, क्लोई, मिरेय, किरिका. चौघींचं एकमेकींशी नातं हाच सगळा कथाभाग. पुरुष आहेत ते बहुतेक सुटातले अनामिक, किंवा एखाद्या भागापुरते.

त्या एखाद्या भागातल्या दोघांबद्दल लिहिते.

एक तो म्हातारा, ज्याच्या आसपास मांजराचं पिल्लू फिरतं. थंडी, गरिबी, आणि हा म्हातारा आजूबाजूच्या गरिबांना सांभाळतोय. सगळ्यांचा लाडका. दोघींना त्याला मारायची सुपारी मिळालेली. मग कळतं, की तरुणपणी त्याने एका अख्ख्या जमातीची कत्तल घडवून आणली होती, आणि सुपारी देणारा त्याच कत्तलीतून वाचलेला. मालिका कुठलाच निवाडा देत नाही. तो आत्ता चांगला आहे हे खोटं नाही, आणि त्याने तेव्हा केलं तेही खोटं नाही.

दुसरा पाण्याकाठी चित्रं काढणारा, फ्रेंच फॉरेन लीजनमधला (फ्रान्सच्या परदेशी सैनिकांच्या दलातला) माजी सैनिक. किरिका त्याच्या शेजारी बसून चित्र काढायला लागते. तिला पहिल्यांदाच कामाशिवाय दुसरं काहीतरी करावंसं वाटतं. तिने ओढलेल्या त्या रेघा दाखवल्या आहेत. कच्च्या, पण मन लावून काढलेल्या. त्या भागाचा शेवट सांगत नाही. एवढंच सांगते, की त्यानंतर पहिल्या भागातला तिचा प्रश्न, मला वाईट का वाटत नाही, तो तिला पुन्हा विचारावा लागत नाही.

बोरघाट, हे दोन्ही भाग तुमच्या 'मधल्या साच्यातल्या' भागांपैकीच आहेत.

बोरघाट

शेवंती, चित्रकाराचा भाग मी विसरलो नव्हतो, तो खरंच उत्तम आहे. पण असे भाग चार-पाच. २६ ऐवजी १३ भागांत ही कथा आणखी धारदार झाली असती असं माझं मत कायम आहे.

उंबरठा

१३ भागांचा विषय निघालाच आहे, तर 'गनस्लिंगर गर्ल'चं नाव घेतो. २००३, मॅडहाउस स्टुडिओ, यू आयदा यांच्या मांगावरून (जपानी चित्रकथेवरून), बरोबर १३ भाग. इटलीतली कथा. सरकारी संस्था मरणाच्या दारातल्या लहान मुलींना यांत्रिक शरीर देते, आठवणी पुसते आणि मारेकरी बनवते. प्रत्येक मुलीसोबत एक मोठा पुरुष, तिचा सांभाळ करणारा आणि तिला वापरणारा.

शेवंती, तुमचा मुद्दा इथे उलट लागू होतो. 'गनस्लिंगर गर्ल'मध्ये पुरुषांशिवाय कथाच नाही, आणि त्या नात्यातलं शोषण हाच विषय. मला ती जास्त प्रामाणिक वाटते, कारण ती बघताना मला चकमकीची मजा घेता येत नाही. 'न्वार'मध्ये 'साल्वा नोस' सुरू झालं की अंगात उत्साह येतो, हे नाकारता येईल का?

तानपुरा

नाकारत नाही, उंबरठा. येतोच. पण माझ्या मते 'न्वार' त्या उत्साहाचा वापर करते. शेवटच्या काही भागांत तेच संगीत लागतं आणि समोर आपल्या ओळखीचं माणूस असतं. तेव्हा तो ठेका नकोसा होतो.

जर्सीकर

मी २००४ पासून न्यू जर्सीत आहे, डिस्कबद्दल माझ्याकडून भर.

एडीव्हीचे ते सात खंड तेव्हा दुकानांत सरसकट मिळायचे. मी आलो तेव्हा डीव्हीडीचा बहर होता. त्याआधीच्या व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यात एक कॅसेट फक्त इंग्रजी आवाजाची असायची आणि दुसरी फक्त उपशीर्षकांची, आणि उपशीर्षकवाली महाग. डीव्हीडीने ते भांडण मिटवलं. एकाच डिस्कवर दोन्ही आवाज. इंग्रजी आवाज ह्यूस्टनमध्येच मुद्रित झाले. मिरेय शेली कॅलीन-ब्लॅक, किरिका मोनिका रियाल, क्लोई हिलरी हाग, अल्टेना टिफनी ग्रँट. रियाल यांनी किरिकासाठी आवाज जवळजवळ कुजबुजीपर्यंत खाली आणला आहे. मला तो जपानीइतकाच आवडतो.

जपानमध्ये परिस्थिती वेगळी. तिथे एका डिस्कवर दोन-तीनच भाग आणि किंमत पाच-सहा हजार येनच्या घरात. रात्री उशिराच्या मालिका जाहिरातींवर फारशा चालायच्या नाहीत. निर्मिती समितीतल्या, म्हणजे मालिकेत मिळून पैसे घालणाऱ्या, कंपन्या खर्च वसूल करायच्या त्या मुख्यतः या डिस्क आणि संगीताच्या सीडी विकून. 'न्वार'च्या समितीत व्हिक्टर एंटरटेनमेंट ही संगीत कंपनी होती. मालिकेत संगीताला एवढं मोठं स्थान का, याचं एक व्यावहारिक कारण तिथेही सापडतं.

पुढे एडीव्ही अडचणीत आली आणि सप्टेंबर २००९ मध्ये बंद झाली. 'न्वार'चे हक्क नंतर फ्युनिमेशन या दुसऱ्या अमेरिकी कंपनीकडे गेले, त्यांनी पुन्हा संच काढला. आता फ्युनिमेशनही नाही. क्रंचीरोल या स्ट्रीमिंग कंपनीत मिसळून गेली, आणि २ एप्रिल २०२४ ला त्यांचं ॲप बंद झालं. त्यात सर्वांत क्लेशदायक गोष्ट अशी, की लोकांनी विकत घेतलेल्या डिस्कसोबत जे कोड यायचे, ते टाकून मिळवलेल्या डिजिटल प्रती त्या दिवशी गेल्या. कंपनीने पूर्वी त्या कायमच्या तुमच्या असं सांगितलं होतं. ज्यांनी डिस्क जपून ठेवल्या त्यांच्याकडे मालिका राहिल्या. ज्यांनी कोड टाकून डिस्क विकून टाकल्या, त्यांच्याकडे काहीच राहिलं नाही. राइट स्टफ हे अ‍ॅनिमेच्या डिस्कचं इथलं जुनं, मोठं दुकानही २०२३ मध्ये क्रंचीरोलच्या दुकानात विलीन झालं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं: आवडती मालिका असेल तर डिस्क घ्या. जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाली तर सोडू नका.

खडीसाखर

मी नवीन आहे, 'लायकोरिस रिकॉइल'पासून सुरुवात केलेली. सगळ्यांचं वाचून 'न्वार' बघायचीच आहे. जर्सीकर दादा, अमेरिकेतून डिस्क मागवल्या तर भारतात चालतील का? माझ्याकडे लॅपटॉपला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह आहे. आणि जुन्या मालिका टीव्हीवर पसरट दिसतात, त्याचं काय करायचं?

जर्सीकर

खडीसाखर, डीव्हीडीचे प्रदेश ठरलेले असतात. अमेरिका १, जपान २, भारत ५. त्यामुळे अमेरिकेतली डिस्क भारतातल्या साध्या प्लेअरवर अडू शकते. सगळे प्रदेश चालवणारा प्लेअर असेल तर प्रश्न नाही. संगणकाच्या ड्राइव्हवर प्रदेश बदलता येतो, पण फक्त पाच वेळा. पाचव्यांदा जो प्रदेश निवडाल तोच कायमचा राहतो. म्हणून त्या ड्राइव्हला एकदा १ वर ठेवा आणि या कामासाठीच वापरा.

ब्लू-रे घेतलीत तर विभागणी वेगळी. तिथे अमेरिका आणि जपान दोन्ही 'ए'मध्ये, भारत 'सी'मध्ये. घेण्याआधी वेष्टनावरचं चिन्ह बघा, काही डिस्कना बंधन नसतं.

पसरट दिसण्याचं कारण, त्या काळातल्या बऱ्याच मालिका जुन्या टीव्हीच्या चौकोनी मापात, ४:३ मध्ये बनल्या. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र ताणणं बंद करा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येऊ द्या. आणि संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये हलत्या दृश्यांत कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसल्या, तर 'डीइंटरलेस' सुरू करा. अमेरिकन डीव्हीडीवर चित्र ७२० बाय ४८० चं, आणि ॲनिमेशन सेकंदाला २४ चित्रांचं असलं तरी डिस्कवर ते जवळपास ३० च्या हिशेबात बसवलेलं असतं. रेघा त्यातून येतात, डिस्क खराब नसते.

खडीसाखर

खूप खूप धन्यवाद दादा, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं.

उंबरठा

खडीसाखर, माझी भर: 'न्वार'नंतर 'फँटम'ही बघ. २००९, पुन्हा बी ट्रेन आणि माशिमो, २६ भाग. गेन उरोबुची यांनी लिहिलेल्या संगणकावरच्या खेळावर आधारित. तिथेही आठवण पुसलेली मारेकरी मुलगी आहे, आइन. 'न्वार'मधले प्रश्न तिथे जास्त कठोरपणे विचारले आहेत.

शेवंती

स्पॉयलर. ज्यांनी शेवट पाहिलेला नाही त्यांनी हा प्रतिसाद वाचू नये.

शेवटी पडदा काळा होतो आणि गोळ्यांचा आवाज येतो. त्यावर इतकी वर्षं वाद चालू आहेत. दोघी मेल्या की जगल्या? मी जगल्या या बाजूची. अख्खी मालिका या दोघींच्या गोळ्या लागतात, समोरच्यांच्या नाही, हे बोरघाट यांनी तक्रार म्हणून लिहिलं. मग तो आवाज कुणाच्या बंदुकीचा असणार?

आणि क्लोई. तिच्याबद्दल कुणीच फार लिहिलं नाही. पॅरिसच्या त्या घरात ती पाहुणी म्हणून येते, तिघी चहाला बसतात. मिरेय तिच्याकडे संशयाने बघतेय, किरिका गोंधळलेली, आणि क्लोई मात्र आनंदात. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाच्या तरी घरी चहाला आली आहे. ती सुऱ्या फेकून माणसं मारते, पण त्या टेबलापाशी ती निव्वळ एक मुलगी आहे, जिला मैत्रीण हवी आहे. किरिकाला मिरेय भेटली. क्लोईला भेटली अल्टेना. दोघींत फरक पडला तो एवढ्यानेच. तिचा अंत बघताना मी रडले होते.

बोरघाट

स्पॉयलर.

शेवंती, शेवटाचा हा अर्थ मला पटला. माझ्याच मुद्द्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. क्लोईबद्दल पूर्ण सहमत. मालिकेत सर्वांत अन्याय झाला असेल तर तिच्यावर.

तानपुरा

अमेरिकेतल्या स्टार्झ वाहिनीने मध्यंतरी 'न्वार'वर प्रत्यक्ष नटांची मालिका करणार असं जाहीर केलं होतं, सिनेदिग्दर्शक सॅम रेमी यांचं नावही होतं. ते झालं नाही, आणि मला त्याचं समाधान आहे. खऱ्या नटांना घेऊन केली असती तर रक्त दाखवलंच असतं.

खडीसाखर

स्पॉयलरवाले प्रतिसाद न वाचता खाली आले आहे. एकच शेवटचा प्रश्न, सलग बघू की थांबत थांबत? आणि पहिल्यांदा जपानी की इंग्रजी?

चंद्रकोर

थांबत थांबत. एका वेळी दोन भाग, आणि शेवटचं गाणं पूर्ण ऐक. पहिल्यांदा जपानी आवाजात बघ, ताराको यांच्यासाठी. सुरुवातीला कंटाळा आला तरी सिसिलीच्या दोन भागांपर्यंत, म्हणजे आठव्या-नवव्या भागांपर्यंत जा. तिथवर मिरेयबद्दल काहीच वाटलं नाही तर खुशाल सोड. आणि सोडलीस तरी इथे येऊन सांग कुठे सोडलीस ते, बोरघाट यांना सोबत मिळेल.

'मॅडलॅक्स'वर वेगळा धागा कुणी काढणार आहे का? उंबरठा, तुम्ही लिहाल का?

उंबरठा

लिहितो. डिस्क पुन्हा बघून घेतो, म्हणजे गणेशोत्सवानंतर.